देवरे भाऊसाहेबांचा ओंडका

आमच्या घरात हल्ली चहाच्या आधी 'लॉग इन' हा शब्द कानावर पडतो. मुलगी बँकेचं काही बघायला बसली की लॉग इन, जावई कंपनीच्या कामाला बसले की लॉग इन, आणि माझी पेन्शन जमा झाली का हे बघायचं असलं तरी आधी लॉग इन. मी एकदा जावयांना विचारलं, "लॉग म्हणजे काय हो?" ते म्हणाले, "आई, लॉग म्हणजे लॉगच." एवढी शिकलेली माणसं, पण दिवसातून दहा वेळा तोंडात येणारा शब्द आला कुठून याची कुणाला फिकीर नाही. मला ठाऊक आहे, आणि ते मी हुशार आहे म्हणून नव्हे. ज्या माणसानं तो शब्द मला समजावून दिला, त्याचं त्याच शब्दापायी वाटोळं झालं. ते मी शेजारच्या टेबलावर बसून पाहिलं.

त्यांचं नाव केदा दगा देवरे. नाशिकच्या आमच्या कचेरीत ते अव्वल कारकून होते. कचेरी कुठली ते लिहीत नाही. जमिनीच्या नोंदी तिथं होत, एवढं पुरे. उंची बेताची, अंगात बिनइस्त्रीचा पण लख्ख पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं नि एक लाल. लाल पेनाचं टोपण काढलेलं मी कधी पाहिलं नाही. विचारलं तर म्हणाले, "लाल शाई साहेबांची. त्यांचं पेन ऐनवेळी संपलं तर असावं म्हणून ठेवतो." ते मूळचे सटाण्याकडचे. एरवी बोलणं आमच्यासारखंच, पण मनातलं काही बोलायला लागले की तिकडची बोली डोकावायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. मी त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तरी त्यांनी मला पहिल्या दिवसापासून ताईच म्हटलं.

तो पहिला दिवस नव्वद सालानंतरच्या कुठल्याशा जूनमधला. नाशिकरोडहून येणारी माझी सिटी बस द्वारका चौकात अडकली आणि मी कचेरीत पोचले ते दहा वाजून सात मिनिटांनी. देवरेंच्या टेबलावर मस्टर उघडंच होतं. मी सही केली आणि शेजारी ठोकून दिलं, १०.००. देवरेंनी मस्टर स्वतःकडे फिरवलं, वाचलं, परत माझ्याकडे फिरवलं.

"ताई, घड्याळ बघा."

"सात मिनिटांनी काय होतंय भाऊसाहेब?"

"सात मिनिटांनी काहीच होत नाही. पण वही खोटं बोलायला लागली तर माणसानं दाद कुठं मागायची?"

मी १०.०० खोडायला पेन टेकवलं तर त्यांनी हात आडवा धरला. "खोडायचं नाही. एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरी वेळ आणि सही." म्हणजे मी खोटं लिहिलं होतं हेसुद्धा वाचता आलं पाहिजे, असा त्यांचा कायदा. मला राग आला होता. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, एक खडूस माणूस वाट्याला आलाय.

खडूस ते होतेच. कचेरीत त्यांनी एक हालचाल वही ठेवली होती. खरं तर ती कामासाठी बाहेर जाणाऱ्यांची, पण देवरेंनी जेवायला जाणाऱ्यांनाही तिच्यात गाठलं. उठायचं, वेळ लिहायची, मग जायचं. आणि ती ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायची. ते स्वतः रोज दीड वाजता १.३० लिहून आवारातल्या चिंचेखाली जात, बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात, हात धुऊन दोनला परत. बाकीचे हसायचे आणि लिहायचे. त्या माणसाशी वाद घालण्यापेक्षा लिहिणं कमी त्रासाचं होतं.

त्यांचा दुसरा छंद शब्दांचा. मेन रोडच्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी जाडजूड इंग्रजी कोश आणला होता. पुठ्ठा गेलेला, म्हणून त्याला बस्त्याचं लाल कापड शिवून घेतलेलं. "शब्द वापरायचा तर त्याचं गाव माहीत पाहिजे," म्हणायचे. "पोरगी देताना गाव विचारतो ना आपण? मग शब्द काय रस्त्यावर पडलाय?" कारकून हा शब्द फारसीतून आला, काम करणारा तो कारकून, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. वर बोरसेंकडे बघून म्हणाले होते, "आता काही लोकांना तो शब्द लागू होत नाही, त्याला फारसी काय करणार?"

हे बोरसे म्हणजे आमच्याच खोलीतले कारकून. गोड बोलणं, साहेबाच्या घरी गॅस सिलिंडर पोचवण्यापासून सगळीकडे हजर. देवरेंचा टोमणा त्यांनी हसून घेतला होता. बोरसे सगळं हसूनच घ्यायचे.

नव्वदचं दशक सरता सरता आमच्याकडे संगणक आला. अख्ख्या खोलीत एक. त्याला प्लॅस्टिकचं आवरण, आणि त्या खोलीत चपला काढून जायचं, देवघर असल्यासारखं. शिकवायला एका खासगी कंपनीचा टाय लावलेला तरुण आला. म्हणाला, "सगळ्यात आधी लॉग इन करायचं."

देवरेंनी हात वर केला. "लॉग म्हणजे ओंडका. ओंडक्याचा इथं संबंध काय?"

तो गोंधळला. म्हणाला, "सर, तसं काही नसतं. नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा."

"ते टाकतो. पण ओंडका का?"

त्याला ते सांगता येईना आणि देवरे काही पुढं सरकू देईनात. शेवटी साहेबांनीच बाहेर येऊन, "देवरे, आधी शिकून घ्या," असं दटावलं तेव्हा थांबले. पण तो रविवार त्यांनी गावातल्या जुन्या वाचनालयात काढला. सोमवारी आले ते चेहरा खुललेला घेऊन. तसा चेहरा मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही.

आम्हाला गोळा करून सांगितलं. जुन्या काळी समुद्रात जहाज किती वेगानं चाललंय हे कळायला साधन नव्हतं. मग खलाशी एक लाकडाचा तुकडा लांब दोरीला बांधून मागं पाण्यात टाकत. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. लाकूड पाण्यात जागच्या जागी राहतं, जहाज पुढं जातं, दोरी हातातून सुटत जाते. वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत किती गाठी सुटल्या ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. ओंडक्याचे आकडे लिहायची म्हणून ती ओंडक्याची वही, लॉगबुक. पुढं जहाजावर जे जे घडेल ते सगळं त्याच वहीत लिहायला लागले. वादळ, आजार, मरण, सगळं. आता जहाज गेलं, ओंडका गेला, आपण संगणकासमोर बसलो, पण शब्द तोच राहिला; नोंदवहीत नाव चढवून आत यायचं, ते लॉग इन.

"म्हणजे आपलं मस्टरच की भाऊसाहेब," बोरसे म्हणाले.

"बरोबर बोलले बोरसे. मस्टरच." देवरे इतके खूष झाले की त्यांनी लगेच प्रात्यक्षिकच मांडलं. फाइली बांधायच्या नाडीचं बंडल सोडलं, हात-हातावर गाठी मारल्या आणि टोकाला टेबलावरचा लाकडी रूळ बांधला. तो रूळ माझ्या हातात देऊन मला व्हरांड्याच्या टोकाला उभं केलं.

"ताई, तुम्ही ओंडका. काही झालं तरी हलायचं नाही. ओंडका हलला तर सगळी नोंद खोटी."

बोरसेंच्या हातात घड्याळ दिलं आणि स्वतः जहाज होऊन, नाडी बोटांतून सोडत, व्हरांड्यातून चालू लागले. गाठी मोजताना त्यांचे ओठ हलत होते. कामं घेऊन आलेले शेतकरी बाजूला सरून त्यांना वाट देत होते. बोरसे वेळ सांगायचं सोडून हसत होते, आणि मीही हसत होते, पण हलले मात्र नव्हते.

इथवर सगळं गमतीचंच होतं. पण मस्टर ही गोष्ट देवरेंच्या डोक्यात पक्की बसली. आमच्याकडे मस्टरवर सही एकदाच असते, सकाळी आल्याची. जाताना कुणी सही करत नाही. त्यामुळं देवरे साडेनऊला येत, दार उघडत, मस्टर उघडत आणि संगणक उघडत, आपल्या नावानं. मग तो संध्याकाळपर्यंत उघडाच. आम्हा प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड दिलेला होता, पण आत शिरायला त्या यंत्राला दहा मिनिटं लागायची, मध्येच वीज जायची, बाहेर माणसं ताटकळायची. "कुणाचं काम अडायला नको," म्हणून देवरे उठले की ज्याला जे टाकायचं ते त्यानं बसून टाकावं, अशी रीतच पडली. उठताना बंद करायचं, असं त्या टायवाल्यानं सांगितलं होतं. मी देवरेंना एकदा त्याची आठवणही दिली. ते म्हणाले, "मी उठलो म्हणजे कचेरी उठली का ताई?" माणसाच्या जाण्या-येण्याची मिनिटं लिहिणारा हा माणूस, यंत्राजवळ मात्र इतका भोळा. वहीत कुणी दुसऱ्याच्या नावानं लिहील हे त्यांच्या मनालाच शिवत नव्हतं.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली असतील. मखमलाबादकडची हिराबाई नावाची एक माळीण कचेरीत आली. शेवंती-झेंडूची शेती बापाची, बापामागं दोन भाऊ आणि ही. तोवर तिकडच्या वावरांना सोन्याचा भाव आला होता. हिच्या हातात जुना उतारा होता, त्यावर तिचं नाव होतं. नव्या उताऱ्यावर नव्हतं.

"म्या कुठं सही केली नाय, आंगठा दिला नाय," ती देवरेंना म्हणाली. "मंग माझं नाव गेलं कुठं, भाऊसाहेब? भाऊ म्हणत्यात तूच सोडलं. आता तिथं प्लॉटाचे दगड रोवलेत."

देवरेंनीच शोधलं. हिराबाईनं आपला हक्क सोडला, अशी नोंद संगणकात चढली होती. त्या नोंदीच्या पाठीशी एकही कागद नव्हता. देवरेंनी स्वतः साहेबांना लेखी कळवलं, की ही नोंद बोगस आहे, कुणी केली ते काढावं. मग काढलं. यंत्रानं छापून दिलं: नोंद करणारा देवरे, वेळ दुपारी एक चाळीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्याशानं स्वतःच दोर नेऊन दिला होता.

ती दुपार मला चांगली आठवत होती. हाताखालची एक नक्कल पुरी करायची म्हणून मी जेवायला गेले नव्हते. देवरे चिंचेखाली होते. बोरसे आले, देवरेंच्या खुर्चीवर बसले, खिशातून एक चिठ्ठी काढून समोर ठेवली आणि टाइप करायला लागले. मध्येच म्हणाले, "ताई, पंखा जरा वाढवा." मी उठून पंखा वाढवला होता. मग नक्कल संपवून मी हालचाल वहीत वेळ लिहिली आणि जेवायला गेले.

चौकशीला बाहेरचे अधिकारी आले. लांब टेबल, एका बाजूला ते, समोर देवरे, मांडीवर हालचाल वही.

"ही नोंद तुमच्या नावानं आहे. मान्य?"

"नोंद मान्य आहे साहेब. केली मी नाही. मी तेव्हा जेवत होतो, वहीत लिहिलेलं आहे."

"वही कोण ठेवतं?"

"मीच."

"आणि संगणक उघडा कोण ठेवत होतं?"

"मीच."

अधिकारी हसले आणि त्यांनी लिहून घेतलं. नोंद हीच शेवटची गोष्ट, असं आयुष्यभर म्हणत आलेल्या माणसाला नोंदीनंच धरलं होतं. त्यातून त्याला सोडवू शकेल असं एकच माणूस त्या कचेरीत होतं, आणि मग मला आत बोलावलं.

"एक चाळीसला तुम्ही खोलीत होता?"

त्या आठवड्यात बदल्यांची यादी निघायची होती. माझं नाव तिकडे लांब डोंगरात, सुरगाण्याला लागलंय अशी कुजबुज होती, आणि यादी बोरसेंच्या हातून पुढं जायची. मुलगी चौथीत होती. नवऱ्याची नोकरी नाशिकरोडला. ही कारणं मी तेव्हापासून स्वतःला शेकडो वेळा सांगितली आहेत आणि एकदाही पटलेली नाहीत.

"नाही," मी म्हटलं. "मी जेवायला गेले होते."

अधिकाऱ्यांनी देवरेंना विचारलं, "यांना काही विचारायचंय?"

देवरेंनी मांडीवरची वही उघडली. पानं उलटली. एका पानावर बोट ठेवून थांबले. त्या पानावर काय आहे ते मला पाठ होतं. माझ्याच हातचं, माझ्याच सहीचं: मंडलिक, १.५०. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं असतं तर मी खोटी पडले असते आणि पुढचं सगळं आपोआप निघालं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वही मिटली.

"ज्यानं लिहिलं त्यानंच वाचायचं असतं साहेब," ते म्हणाले. "मला काही विचारायचं नाही."

मी बाहेर आले. बोरसे दारातच होते. त्यांनी मला विचारलं, "चहा घेणार का ताई?" आणि मी घेतला.

देवरे निलंबित झाले. चौकशी रेंगाळत राहिली आणि ती तशीच लोंबकळत असताना त्यांचं निवृत्तीचं वय झालं. कचेरीत हार नाही, नारळ नाही, भाषण नाही. ज्या माणसानं पंचवीस वर्षं सगळ्यांच्या वेळा लिहिल्या, त्याच्या जाण्याची वेळ कुणी लिहिली नाही. सुरगाण्याच्या यादीतून माझं नाव गळलं. कसं गळलं हे मी कुणाला विचारलं नाही. पुढं कचेरीला रंग काढला तेव्हा हालचाल वह्यांचा गठ्ठा रद्दीत गेला, आणि खरं सांगते, तो हातगाडीवर चढताना पाहून मला हलकं वाटलं.

त्यानंतर मी देवरेंना एकदाच पाहिलं. मी तेव्हा आवक खिडकीवर होते. आता प्रत्येकाला वेगळा संगणक, आणि उठलं की बंद केलाच पाहिजे असा सक्त आदेश, देवरेंच्या प्रकरणानंतरचाच. बोरसे बढती होऊन आतल्या केबिनमध्ये बसत. रांगेत एकदम देवरे दिसले. शर्ट तसाच पांढरा, खिशाला दोन पेनं. मागं हिराबाई. तिचे अर्ज आता तेच लिहून देत होते, हे मला ऐकून माहीत होतं.

"एवढं घ्या वो ताई," हिराबाई म्हणाली. "लय फेरे झाले. पार पाय गेले माझे."

देवरेंनी अर्ज खिडकीतून आत सरकवला. हक्कसोडीची नोंद खोटी असून ती झाली त्या वेळी देवरे खुर्चीवर नव्हते, याची फेरचौकशी व्हावी, असा. सोबत तीन कागद. पहिला जुना उतारा. दुसरा बापाच्या मृत्यूचा दाखला. तिसरा एक झेरॉक्स, हालचाल वहीच्या पानाची. वही रद्दीत जायच्या आधी कधीतरी त्यांनी ती काढून ठेवली असणार. मधल्या ओळीत माझं अक्षर होतं. त्यावर खूण नव्हती, रेघ नव्हती, काही नव्हतं. अर्जात माझं नावही नव्हतं. देवरे खिडकीपलीकडे भिंतीकडे बघत उभे होते.

मी नोंद टाकायला घेतली. अर्जदाराचं नाव, विषय, वेळ. जोडपत्रांच्या रकान्याशी थांबले. केबिनचं दार उघडं होतं आणि आत बोरसे फोनवर हसत होते. मी रकान्यात लिहिलं, दोन. तिसरा कागद ड्रॉवरमध्ये सरकवला आणि पोच छापून बाहेर दिली.

देवरेंनी चष्मा लावला. कुठलाही कागद ते वाचल्याशिवाय घेत नसत. ओळीवर बोट ठेवून वाचत आले आणि जोडपत्रांपाशी त्यांचं बोट थांबलं. मी मान खाली घातली. माझ्या मागं पंखा फिरत होता.

"अकरा सात," ते म्हणाले. "वेळ बरोबर शे, ताई."

पोच त्यांनी हिराबाईला दिली, पिशवीत नीट ठेवायला सांगितली आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागले. "झालं का वो काम आता, भाऊसाहेब?" असं तिनं त्यांना विचारलेलं मला ऐकू आलं. ते काय म्हणाले ते आलं नाही, कारण रांगेतल्या पुढच्या माणसानं त्याचा कागद माझ्यापुढं सरकवला होता.

ती झेरॉक्स माझ्या कपाटात आहे, माझ्या नोकरीच्या कागदांबरोबर. ती फाडायचंही धाडस मला झालं नाही. त्या दिवशीची नोंदही त्या यंत्रात असेलच कुठंतरी. जोडपत्रे दोन, वेळ अकरा सात. खाली माझं नाव आहे, आणि त्या वेळी खुर्चीवर मीच बसले होते.